धुळीचं वजन आणि धुळीचा गुण
(शिरूर इथं झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो आहोत, ते गुरुजी आम्हाला सातवीत विज्ञान शिकवायचे. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता आणि त्याच्या कपाटाची किल्ली गुरुजींच्या खिशात असायची. ऊस तोडणीच्या हंगामात एका शनिवारी त्यांनी आम्हा प्रत्येकाला काचेची एकेक पट्टी दिली. तिच्यावर व्हॅसलिनचं बोट फिरवायचं, ती रात्रभर कुठंतरी ठेवायची आणि सोमवारी शाळेत आणायची. कोणी ती गोठ्यात ठेवली, कोणी एसटी स्टँडवरच्या टपरीत, एकानं गुऱ्हाळाच्या चुलाणापाशी. मी आमच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली. सोमवारी सगळ्या पट्ट्या काळ्या-तांबड्या होऊन आल्या. आम्ही खूश. गुरुजींनी एकच प्रश्न विचारला, “तारीख कुठंय?” एकाही पट्टीवर तारीख नव्हती. त्यांनी सगळ्या पट्ट्या हौदावर धुवायला लावल्या. “कधीची, कुठली आणि तेव्हा काय जळत होतं, एवढं लिहिलेलं नसेल तर ती नुसती घाण. लिहिलं की तो पुरावा.”

पुढं मी माणसाच्या पेशी काचेत वाढवायला शिकलो आणि तोच माझा पेशा झाला. हवेतली धूळ त्या पेशींवर घालायची आणि त्या काय करतात ते पाहायचं. लोक विचारतात, “बशीतल्या चार पेशींवरून आमच्या खोकल्याचं तुम्हाला काय कळणार?” प्रश्न रास्त आहे. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला द्यायचं उत्तर.

एकाच वजनाचे अनेक धूर

शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांत धूर काही एक जातीचा नाही. नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूरपासून रांजणगावपर्यंत डिझेलच्या गाड्यांची रांग हटत नाही. रांजणगावची एमआयडीसी इकडं, कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी तिकडं. साखर कारखान्यांची धुराडी आहेत, वीटभट्ट्या आहेत. ऊस गेल्यावर फडात पाचट पेटतं, तेव्हा दोरीवरच्या धुण्यावर काळ्या तुसांचा सडा पडतो. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं दाट आहेत. चुलाणात चिपाड जळतं तोवर त्याला गुळाचा वास असतो. पण त्याच चुलाणात प्लास्टिक, जुन्या चपला, टायर घातल्याच्या तक्रारीही गावकऱ्यांनी वेळोवेळी केल्या आहेत. आणि या सगळ्यांच्या आधीपासून घरातली चूल आहेच.

हे सगळं आपण मोजतो कसं? वजनानं. अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे, एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम आहेत ते पाहायचं. भारताच्या २००९ च्या मानकाप्रमाणं त्यांची वर्षाची सरासरी ४० च्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. आकडे उपयोगाचे आहेत, त्यांच्याशिवाय कायदा चालत नाही. पण तराजूला फक्त वजन कळतं. किलोभर मीठ आणि किलोभर युरिया त्याला सारखेच. चिपाडाच्या धुरातले ४० मायक्रोग्रॅम, टायरच्या धुरातले ४० आणि शेतातून उडालेल्या मातीचे ४०, यंत्रावर आकडा एकच उमटतो. फुप्फुसाला मात्र तो एक नसतो.

आपल्याकडं म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. काजळीचा कण म्हणजे मुळात कार्बन, फारसा कोणाच्या वाटेला न जाणारा. पण तो ज्या आगीतून येतो, तिथली संगत त्याला लागते. लोखंड, तांबं, जस्त यांसारखे धातू त्याला चिकटतात. अर्धवट जळालेल्या पदार्थांतली, वलयांच्या साखळ्यांची सेंद्रिय रसायनं चिकटतात. गोठ्यातल्या धुळीवर मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे बसतात. धुळीचं वजन यंत्र सांगेल. धुळीचा गुण कोण सांगणार?

पेशी उत्तर देते

गुरुजींची काच धूळ धरून ठेवायची. पेशी धुळीला उत्तर देते, एवढाच काय तो फरक.

आपली श्वासनलिका आतून एका पेशीथरानं मढवलेली असते. त्यातल्या काही पेशी चिकट द्रव सोडतात, काहींवर बारीक केस असतात आणि ते लव्हाळ्यासारखे एका दिशेनं हलून घाण वर ढकलतात. खाली वायुकोशांत हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मायक्रोमीटरपेक्षाही पातळ होतो. तिथं राखण करतात त्या भक्षकपेशी, आलेला कण गिळून टाकणाऱ्या.

धूळ पडली की या पेशींत एक क्रम सुरू होतो. धातू ऑक्सिजनला डिवचतात आणि त्याची चवताळलेली रूपं तयार होतात. पेशीकडचा शिलकी बचाव, म्हणजे ग्लुटाथायोन, क जीवनसत्त्व, खर्ची पडायला लागतो. तो पुरला तर गोष्ट तिथंच मिटते. नाही पुरला तर पेशी रासायनिक हाका मारते. इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ ही त्यातली दोन नावं. त्या हाकेवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. शेजारी आग लागल्यावर गाव धावून यावं आणि गर्दीनंच घर तुडवून टाकावं, तसं होतं. त्यालाच आपण दाह म्हणतो. तोही पेलला नाही की पेशी मरते, किंवा मरत नाही पण तिचा डीएनए तुटतो, आणि हे दुसरं अधिक वाईट.

प्रयोगशाळेत आम्ही हा क्रम एकेका पायरीवर थांबवून मोजतो. फिल्टरवर जमलेली धूळ काढायची, पेशींवर घालायची, चोवीस तासांनी बघायचं. जिवंत किती राहिल्या, हाका किती मारल्या, डीएनए किती तुटला. तुटलेल्या डीएनएला विजेच्या क्षेत्रात ठेवलं की त्याचे तुकडे मागं ओढले जातात आणि पेशी शेंडेनक्षत्रासारखी दिसते. त्या चाचणीचं नावच कॉमेट आहे. दृश्य मोठं देखणं असतं. बघताना अंगावर काटा येतो तो त्याचा अर्थ माहीत असल्यामुळं.

२००५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या संशोधकांनी शेणाच्या गोवऱ्यांचा धूर तपासला. त्यांनी फुप्फुसाच्या आतल्या ओलाव्यासारखा द्रव तयार केला आणि त्यात ते कण सोडले. द्रवातलं क जीवनसत्त्व झपाट्यानं संपलं. माझ्या आईनं गोवऱ्यांच्या चुलीवर आयुष्य काढलं. तो शोधनिबंध वाचताना मला ती फळीवरची काळी पट्टी आठवली. पट्टी एक रात्र तिथं होती. आई रोज.

१९१७ साली जन्मलेल्या दोघी

आता थोडं मागं जाऊ. हे शास्त्र आपल्याकडं कुठून आलं याची कथा आपल्या पुण्याशी आणि शिरूर तालुक्याशी जोडलेली आहे.

पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी समर्थांच्या घरी एक मुलगी जन्मली. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलगी हुजूरपागेत शिकली, मग फर्ग्युसनमध्ये, मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयात. तिथं तिनं सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर काम केलं. याच डॉ. कमल रणदिवे. डॉक्टरेटनंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी काचेत अखंड वाढू लागल्या. तिला न विचारता घेतलेल्या त्या पेशी आजही जगभर वाढतात. आमच्या शास्त्राच्या पायात हा एक काटा आहे आणि तो विसरू नये. रणदिवेबाई परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी १९६० च्या दशकात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आज पुण्याला गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. गोठवून जपलेल्या पेशी तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना जातात. बँकेतून बियाणं न्यावं तशा.

त्याच साली, दोनच महिने आधी, ७ सप्टेंबर १९१७ ला मुंबईत दुसरी मुलगी जन्मली. डॉ. बानू कोयाजी. पुण्याचं केईएम रुग्णालय त्यांनी नावारूपाला आणलं. पण सत्तरच्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की रुग्णालयात येतो तो आजाराचा शेवटचा अंक, पहिला अंक गावात घडतो. म्हणून त्या वढू बुद्रुकला आल्या. शंभूराजांच्या समाधीमुळं वढू आपल्याला ठाऊक असतं. आरोग्याच्या जगात ते आणखी एका कारणानं ठाऊक आहे. गावातल्याच माणसांना शिकवून बाईंनी तिथं आरोग्याचं काम उभं केलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत वढूच्या त्याच कामातून घरोघरची नोंद ठेवली जाते. कोण जन्मलं, कोण गेलं, कशानं गेलं, कोण गावात आलं, कोण सोडून गेलं. लाखावर माणसांची अशी वही देशात मोजक्याच ठिकाणी आहे.

या दोघींनी एकत्र काम केल्याचं मी सांगत नाही. पण धुराचा प्रश्न सोडवायचा तर दोघींची विद्या एकत्र आणावी लागते. पेशी सांगते, ‘कसं’ होतं. गाव सांगतं, ‘कोणाला’ आणि ‘किती’. आणि गंमत पाहा, पेशी वाढवणाऱ्या रणदिवेबाईही शेवटी गावाकडंच वळल्या. १९८९ साली अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्या गोळा करत होत्या. वय बहात्तरच्या घरात.

जपून ठेवलेले कागद

पेशी आणि गाव यांची गाठ पडली की काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत नेटकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. यूटा राज्यात डोंगरांनी वेढलेलं एक खोरं आहे. तिथं पोलादाचा मोठा कारखाना होता. कामगारांशी तंटा होऊन ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ तो बंद राहिला. आर्डेन पोप नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असताना शाळेआधीच्या वयाची मुलं दमा आणि श्वासनलिकादाहानं दाखल होण्याचं प्रमाण, बंद काळाच्या जवळजवळ दुप्पट होतं.

कारखान्याच्या बाजूचे लोक म्हणाले, योगायोग असेल. त्या वर्षी साथ कमी असेल. गावाच्या नोंदीला हा आक्षेप नेहमीच घेता येतो.

पण लिंडन इथल्या हवामोजणी केंद्रावर कोणीतरी जुने फिल्टर फेकून न देता जपले होते. कारखाना बंद पडण्याआधीचे, बंद काळातले आणि पुन्हा सुरू झाल्यानंतरचे, सगळे तारखेनिशी. काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या धुळीचा अर्क काढला आणि माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशींवर घातला. तिन्ही वर्षांच्या अर्काचं वजन सारखं ठेवलं होतं. तरीही बंद काळातल्या धुळीनं पेशी कमी दुखावल्या, इंटरल्यूकिनच्या हाका कमी निघाल्या. त्या वर्षीच्या धुळीत लोखंड, तांबं, जस्त कमी होतं. पुढं धडधाकट स्वयंसेवकांच्या फुप्फुसाच्या एका भागात तो अर्क अत्यल्प प्रमाणात नळीतून सोडला, तेव्हा माणसांनीही पेशींसारखंच उत्तर दिलं. रुग्णालयाची वही, बशीतली पेशी आणि जिवंत माणूस, तिघांची साक्ष एक आली. मग योगायोगाची भाषा मागं पडली.

हे सगळं कशामुळं जमलं? कोणा अनामिक कर्मचाऱ्यानं फिल्टरवर तारीख लिहिली होती म्हणून.

आमच्या चुका

आता पेशींची बाजू घेणाऱ्या माणसानंच त्यांच्या मर्यादा सांगायला हव्यात.

पहिली मर्यादा मात्रेची. एक साधा हिशेब करू. माणूस दिवसाला साधारण १२ घनमीटर हवा आत घेतो. हवेत ६० मायक्रोग्रॅम धूळ असेल तर ७२० मायक्रोग्रॅम आत गेली. त्यातला तिसरा हिस्सा आत बसला असं धरा, २४०. फुप्फुसाचा आतला पृष्ठभाग उलगडला तर सुमारे १०० चौरस मीटर, म्हणजे दहा लाख चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला रोज ०.०००२४ मायक्रोग्रॅम. आणि आम्ही बशीत एका वेळी किती घालतो? अनेकदा १०. म्हणजे शंभरहून अधिक वर्षांची धूळ एका दुपारी! खरं तर धूळ सगळीकडं सारखी बसत नाही. श्वासनलिकेला जिथं फाटे फुटतात तिथं ती कैक पटींनी साचते, आणि चुलीपाशी हवेतलं प्रमाणही ६० वर थांबत नाही. तरीही ‘पेशी मेल्या’ अशी बातमी वाचलीत, तर किती धुळीनं मेल्या, हे आधी विचारा.

दुसरी मर्यादा पेशीचीच. सर्वांत जास्त वापरली जाणारी ए-५४९ ही पेशी १९७२ मध्ये एका रुग्णाच्या फुप्फुसातल्या कर्करोगाच्या गाठीतून मिळाली. ती दणकट आहे, तिला वाढवणं सोपं आहे. पण कर्करोगाची पेशी ही निरोगी फुप्फुसाची प्रतिनिधी म्हणजे दरोडेखोराला पंच म्हणून बोलावण्यासारखं. शिवाय तिला आम्ही द्रवात बुडवून ठेवतो, आणि फुप्फुस काही पाण्यात जगत नाही. म्हणून आता पेशींना खालून अन्न देतात आणि वरून हवेला उघडं ठेवतात. तीन-चार आठवड्यांनी त्यांच्यावर केस उगवतात आणि हलायला लागतात. २०१० मध्ये बोस्टनला बोटाएवढ्या पारदर्शक पट्टीत श्वासासारखं ताणलं जाणारं फुप्फुस बनवलं. सुधारणा होते आहे. पण त्या पट्टीला ना वय असतं, ना कुपोषण, ना लहानपणी झालेला न्यूमोनिया.

तिसरी मर्यादा मला माझ्या स्वतःच्या चुकीतून कळली. सुरुवातीला चुलीच्या काजळीवर प्रयोग केले, तेव्हा मात्रा वाढवली तशी इंटरल्यूकिन-८ ची हाक कमी होताना दिसली. मला वाटलं, काजळी निरुपद्रवी निघाली. आठवडाभर मी ते सांगत फिरलो. मग एका विद्यार्थिनीनं पेशी नसलेल्या बशीत तयार इंटरल्यूकिन घालून वर काजळी टाकली. तिथंही ते कमी भरलं. कार्बनचा कण ते रेणू स्वतःलाच चिकटवून घेत होता. पेशी ओरडत होती, काजळीनं तिचं तोंड दाबलं होतं. त्या दिवसापासून पेशी नसलेली एक बशी मी प्रत्येक प्रयोगात ठेवतो.

आणखी एक गोष्ट. पेशी बशीत वाढवल्या नाहीत, माणसाकडूनच मागून घेतल्या, तर? इंग्लंडात लेस्टर शहरात नीता कुलकर्णी, जॉनथन ग्रिग आणि सहकाऱ्यांनी निरोगी शाळकरी मुलांच्या कफातल्या भक्षकपेशी पाहिल्या. २००६ साली ते काम प्रसिद्ध झालं. पेशीत गिळलेला काळा कार्बन त्यांनी चौरस मायक्रोमीटरमध्ये मोजला. दर एक चौरस मायक्रोमीटर जास्तीच्या कार्बनमागं मुलांची एका सेकंदात हवा बाहेर टाकण्याची क्षमता सरासरी १७ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे गुरुजींची पट्टी प्रत्येक मुलाच्या छातीत आधीच ठेवलेली आहे. फक्त तिच्यावर तारीख नाही.

फुंकण्याची चाचणी चांगली आली म्हणून निश्चिंत होऊ नये, हेही पेशींनीच शिकवलं. पुढं पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनमुळं ओळखले गेलेले डॉ. संदीप साळवी परदेशात संशोधन करत असताना, १९९९ साली त्यांचं एक काम प्रसिद्ध झालं. १५ निरोगी स्वयंसेवक एक तास डिझेलच्या धुरात बसले. त्यांच्या फुंकण्याच्या चाचणीत फरक पडला नाही. श्वासनलिकेतून घेतलेल्या नमुन्यात मात्र दाहाच्या पेशी वाढलेल्या होत्या. त्रास जाणवायच्या आधी घर धुमसायला लागलेलं असतं.

मग आपण काय करायचं?

पेशींचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, असं मी म्हणणार नाही. चुलीचा धूर वाईट आहे, डिझेलचा वाईट आहे, प्लास्टिक जाळणं गुन्हा आहे, हे पुरेसं सिद्ध झालेलं आहे. गॅसची टाकी परवडणं, पाचट जाळण्याऐवजी कुट्टी करून फडातच कुजवणं, चुलाणात चिपाडाशिवाय काही न घालणं, यासाठी कोणत्याही नव्या प्रयोगाची वाट पाहायची गरज नाही. ‘अजून संशोधन हवं’ हे वाक्य आळशी माणसाला आणि धूर्त माणसाला सारखंच सोयीचं असतं.

संशोधन हवं ते दुसऱ्या कारणासाठी. उद्या आपण काही बदललं, समजा एखाद्या गावची गुऱ्हाळं सुधारली, एखाद्या रस्त्यावरची वाहतूक वळवली, एका हंगामात पाचट पेटलं नाही, तर त्यानं काय साधलं हे आपल्याला सांगता यायला हवं. कदाचित धुळीचं वजन फारसं उतरणार नाही, कारण शेतातली माती उडतच राहील. आणि लोक म्हणतील, काही फायदा झाला नाही. पण गुण उतरला असेल. तो पेशीला कळेल, दाखल होणाऱ्या मुलांच्या वहीत उतरेल, तराजूला कळणार नाही.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात. आजाराची वही, ती वढूच्या परिसरात आहे. पेशी, त्या गणेशखिंडीत आहेत. तिसरी गोष्ट आपल्याकडं नाही. ती म्हणजे आजच्या हवेची जपून ठेवलेली धूळ. ती उद्या गोळा करता येत नाही. गेलेल्या हंगामाचा धूर कोणत्याही पैशानं परत मिळत नाही.

म्हणून शिरूर-दौंडच्या शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञानशिक्षकांकडं माझं एक मागणं आहे. महिन्यातून एक दिवस हवा ओढणारा साधा पंप लावा, फिल्टर काढा, घडी घालून पाकिटात ठेवा आणि पाकीट शीतपेटीत. तपासायची घाई नको. कदाचित ते तुमच्या विद्यार्थ्याचा विद्यार्थी तपासेल, आज आम्हाला सुचणारही नाही अशा रीतीनं. तुमचं काम एवढंच, की पाकिटावर शाईनं तीन ओळी लिहायच्या. कधीचं, कुठलं आणि तेव्हा काय जळत होतं.

आमच्या पट्ट्या त्या दिवशी धुतल्या गेल्या. त्या वर्षीची आमच्या गावची हवा हौदाच्या मोरीतून वाहून गेली. पुढच्या शनिवारी गुरुजींनी नव्या पट्ट्या दिल्या. या खेपेला मी फळीवर ठेवण्याआधी तारीख घातली, खाली ‘चूल’ असं लिहिलं. मग आईनं विचारलं म्हणून, त्याखाली ‘गोवऱ्या’ असंही लिहिलं.